ताटीबाहेर उभं राहणारं माणूस

(दिंडीच्या शताब्दीनिमित्त झालेल्या अखंड हरिनाम सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मी कीर्तनकार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. दिंडीत टाळ वाजवतो, आणि कुणाच्या पायाला फोड आला की पट्टी बांधतो. एवढीच माझी ओळख. शताब्दीच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं तेव्हा मंडळींना वाटलं असेल, हा शुगर-बीपीवर बोलेल. मी आज दुसऱ्याच दुखण्यावर बोलणार आहे. त्याचं नाव आपण घरात घेत नाही. कुणाच्या घरी घडलं तर "त्यानं असं केलं" एवढंच म्हणतो आणि आवाज खाली आणतो. मी आज आवाज खाली आणणार नाही. मी आत्महत्येबद्दल बोलणार आहे.

शंभर वर्षांच्या सोहळ्यात हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं कारण आधी सांगतो.

२०१४ सालची आषाढी आठवा. पाऊस लांबला होता. आळंदीहून निघालो तेव्हा पेरण्या खोळंबलेल्या होत्या, आणि प्रत्येक मुक्कामाला एकच बोलणं, तुमच्याकडं झाला का, तुमच्याकडं झाला का. माझ्या शेजारी रांगेत एक माणूस चालायचा. चौदा वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो. नाव सांगत नाही. जुन्या मंडळींना कळेल, त्यांनीही ते मनातच ठेवावं.

त्या वर्षी दिवेघाट चढताना तो बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल. लोणंदच्या मुक्कामाला जेवला नाही. म्हणलं, पोट बिघडलं असेल. रात्री राहुटीच्या बाहेर बसून राहायचा. मी उठलो की तो जागाच. म्हणलं, नामस्मरण करत असेल. दर वर्षी रिंगणात अश्व धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला हा पहिला पळायचा. त्या वर्षी सदाशिवनगरच्या रिंगणाला तो झाडाखाली बसून राहिला. गेल्या दोन वर्षांची भिशी त्याच्याकडं बाकी होती, ती त्यानं न मागता सगळी भरून टाकली. आम्ही त्याचं कौतुक केलं. अंगावर कर्ज असलेल्या माणसानं ते पैसे कुठून आणले आणि आत्ताच का भरले, हे कुणीही विचारलं नाही.

वाखरीला त्यानं स्वतःचा टाळ माझ्या हातात दिला. म्हणाला, "हा तुमच्याकडं राहू द्या. आता आपलं काही खरं नाही. माउलींनी न्यावं एवढंच मागणं आहे." मी हसलो. म्हणलं, "माउली नेतील तेव्हा नेतील, टाळ कशाला सोडता?" पंढरपुरात कळसाचं दर्शन झाल्यावर तो एकेकाच्या पाया पडला आणि "काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला" म्हणाला. आपण वारकरी, एकमेकांच्या पायावर डोकं ठेवणं हा आपला रिवाजच. त्यामुळं कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

कार्तिकीच्या आधी निरोप आला. त्यानं स्वतःचा जीव संपवला होता.

मंडळी, मी सरकारी आरोग्य खात्यातला माणूस. क्षयरोगाचा खोकला मी लांबून ओळखायचो. आणि माझ्या शेजारी पंधरा-सतरा दिवस चालणाऱ्या माणसाचं दुखणं मला ओळखता आलं नाही. तो जे बोलला, जे वागला, त्यातली एकेक गोष्ट ही खूण होती. मी तिला वैराग्य समजलो.

हीच आपल्या संप्रदायातली अडचण आहे, म्हणून हे इथं बोलायला हवं. देह नाशिवंत आहे, संसार खोटा आहे, देवानं आता उचलावं, ही भाषा आपल्या रोजच्या तोंडात आहे. दुसऱ्या ठिकाणी कुणी असं बोललं तर चार माणसं चमकून बघतील. आपल्यात माना डोलवतील. ज्याला खरंच जगणं असह्य झालंय त्याचं बोलणं आपल्या बोलण्यात मिसळून जातं.

मग वैराग्य कुठलं आणि निराशा कुठली, हे ओळखायचं कसं? मी डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि आपल्यातल्या जुन्या माणसांकडंही पाहिलं. एक ठळक फरक दिसतो. विरक्त माणूस हलका होतो. तो पंगतीत वाढायला पुढं असतो, लेकराबाळांशी हसतो, झोप लागते, चार घास गोड लागतात. त्याला स्वतःचा राग नसतो. निराश माणूस जड होतो. तो माणसांपासून तुटतो. "मी कुणाच्या कामाचा नाही", "माझं घराला ओझं झालंय", "मी नसलो तर सगळे सुटतील" असं त्याला वाटतं. एक सगळ्यांच्या जवळ येतो, दुसरा सगळ्यांपासून लांब जातो. आणि शंका आली तर अंदाज करत बसायचं नाही, विचारायचं. कसं विचारायचं ते पुढं सांगतो.

आता खुणा सांगतो. ध्यानात ठेवा.

पहिली खूण बोलण्यातली. मरणाबद्दल पुन्हा पुन्हा बोलणं, मग ते चेष्टेत का असेना. "आता माझ्या मागं त्रास होणार नाही", "पुढच्या वारीला मी नसेन", "पोरांकडं लक्ष द्या" असले शब्द. "जो बोलतो तो करत नाही" ही म्हण खोटी आहे. पुष्कळ जण आधी कुणाला ना कुणाला सांगतात. आपल्याला ते ऐकू येत नाही एवढंच.

दुसरी खूण वागण्यातली. झोप उडणं, किंवा दिवसभर अंथरुणात पडून राहणं. जेवण तुटणं. ज्यात जीव रमत होता ते सोडून देणं. भजनाला येणारा येईनासा होतो, मृदंग शिकणारं पोरगं मृदंगाला हात लावत नाही. दारू न घेणारा घ्यायला लागतो, घेणारा जास्त घेतो. आपल्यातली एक खास खूण सांगतो. माळकरी माणसानं कुणाला न सांगता गळ्यातली माळ काढून ठेवली, तर त्याला दोष देऊ नका. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.

तिसरी खूण आवराआवरीची. अचानक देणी-घेणी मिटवणं, आवडती वस्तू देऊन टाकणं, कागदपत्रं एका जागी काढून ठेवणं, लांबच्या नातेवाइकांना उगीच फोन करणं, माफी मागणं. आणि हे विशेष ध्यानात घ्या: बरेच दिवस खिन्न असलेला माणूस एकाएकी अगदी शांत झाला, तर लगेच निर्धास्त होऊ नका. कधी कधी मनात निर्णय झालेला असतो, म्हणून ती शांतता असते.

चौथी गोष्ट, आधी कधी प्रयत्न केला असेल तर धोका सगळ्यात जास्त. "एकदा वाचला, आता अक्कल आली" असं म्हणून सोडू नका.

आणि हे फक्त शेतकऱ्याचं दुखणं आहे असंही समजू नका. सरकारची २०२२ सालची आकडेवारी आहे. त्या एका वर्षात देशात १ लाख ७० हजारांहून जास्त माणसं आत्महत्येनं गेली. त्यात शेतकरी-शेतमजूर ११ हजारांवर, विद्यार्थी १३ हजारांवर, आणि घर सांभाळणाऱ्या बायका २५ हजारांवर. सगळ्यात जास्त संख्या रोजंदारीवर राबणाऱ्यांची. आणि राज्यांमध्ये पहिला क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा, २२ हजारांहून जास्त. आपली दिंडी साधारण तीनशे माणसांची. अशा पंचाहत्तर दिंड्या एका वर्षात नाहीशा झाल्या म्हणा.

म्हणून कुणाकुणाकडं लक्ष ठेवायचं? बँकेची किंवा सावकाराची नोटीस आलेला माणूस. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांतलं पोरगं. नव्यानं सासरी आलेली, छळ सोसणारी सून. बाळंतपणानंतर उदास राहणारी लेक. जोडीदार गेलेलं म्हातारं माणूस. लांबलेल्या दुखण्याला कंटाळलेला रोगी. आणि ज्या घरात आधी आत्महत्या झाली आहे ते घर.

आता विचारायचं कसं. इथं मी तुम्हाला तुमच्याच माहितीतली गोष्ट आठवायला लावतो. ज्ञानोबा माउलींना लोकांनी बोल लावले. ते दुखावले, झोपडीत गेले आणि ताटी लावून घेतली. साक्षात माउलींनी! मग मुक्ताई आली. सगळ्यात धाकटी. ताटीचे अभंग आपण सगळे म्हणतो, पण तिनं केलं काय, ते बघा. ती दार फोडून आत घुसली नाही. "करू दे काय करायचं ते" म्हणून निघूनही गेली नाही. "एवढे ज्ञानी तुम्ही आणि असं कसं वागता" म्हणून हिणवलंही नाही. ती दाराबाहेर उभी राहिली आणि बोलत राहिली, दार उघडेपर्यंत.

आणि ह्या चार भावंडांचे आईबाप कसे गेले, हेही आपल्याला ठाऊक आहे. समाजानं वाळीत टाकलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंनी देह सोडला. चार लेकरं पोरकी झाली. लोकांच्या बोलण्यानं माणूस कुठवर ढकलला जातो, हे आपल्या संप्रदायाला पहिल्या पानापासून माहीत आहे.

कुणी म्हणेल, संतांनी समाधी घेतली, मग ते काय? मंडळी, तुलना करू नका. माउलींची समाधी ही काम पुरं झालेल्या योग्याची, सगळ्या संतमंडळींच्या मेळ्यातली. दुःखानं घेरलेला माणूस मध्यरात्री एकटा जे करतो ते आजारातलं आहे. त्याला समाधीचं नाव देऊ नका. तसंच "भक्ती कमी पडली" असंही म्हणू नका. तुकोबारायांनी दुष्काळात बायको गेलेली पाहिली, लेक गेलेला पाहिला, धंदा बुडालेला पाहिला. दुःख त्यांनाही झालं. दुःख होणं म्हणजे भक्ती कमी असणं नव्हे.

तर विचारायचं ते असं. एकट्याला बाजूला घ्या. चहा पाजा. घाई करू नका. म्हणा, "भाऊ, चार दिवस बघतोय, तुम्ही जेवत नाही, झोपत नाही. काय चाललंय?" आणि मग स्पष्ट विचारा: "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?"

पुष्कळांना भीती वाटते की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही. डॉक्टर मंडळी हे खात्रीनं सांगतात. उलट, इतके दिवस जे कुणालाच सांगता येत नव्हतं ते विचारणारं कुणीतरी भेटलं, म्हणून माणसाचा बांध फुटतो.

तो "हो" म्हणाला तर घाबरू नका. ऐका. ह्या वेळी कीर्तन करायचं नाही. "आत्महत्या पाप आहे", "बायकापोरांचा तरी विचार कर", "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले" हे खरं असलं तरी त्या वेळी ते दगडासारखं लागतं. त्याला आधीच स्वतःची लाज वाटत असते. माळेची शपथही घालू नका. शपथेनं दुखणं बरं होत नाही, फक्त लपवलं जातं. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन तुम्हीही देऊ नका. म्हणा, "चारचौघांत बोलणार नाही, पण तुमचा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगणार."

मग तीन कामं करायची.

पहिलं, त्याला एकटं सोडायचं नाही. आळीपाळीनं कुणीतरी सोबत हवं. रात्री सुद्धा, रात्री तर जास्तच.

दुसरं, घातक वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत. आपल्या घरात फवारणीची औषधं कुठं असतात? माळ्यावर, गोठ्यात, कधी खाटेखाली. ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. त्याहून बरं म्हणजे घरात ठेवूच नका. कुणी म्हणेल, ज्याला करायचंय तो दुसरा मार्ग काढेल. तसं नाही. ती ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ टळला की माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढं जगतात. श्रीलंकेत सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी आली, आणि तिथल्या आत्महत्या फार मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. एक कुलूप म्हणजे थोडा वेळ. थोडा वेळ म्हणजे एक जीव.

तिसरं, जाणकाराशी जोडून द्यायचं. तुम्ही आणि मी डॉक्टर नाही. आपलं काम ताटीबाहेर उभं राहायचं. आता नंबर सांगतो, माझ्यामागं म्हणा. एक चार चार एक सहा. पुन्हा म्हणा. १४४१६. ह्याला टेलि-मानस म्हणतात. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलं. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. फोन लावला की भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात. गरज असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांशी जोडून देतात, जवळ कुठं जायचं ते सांगतात. बोलणं गुप्त ठेवतात. ज्याला त्रास आहे त्यानंच फोन करायला हवा असंही नाही. "माझ्या भावाला असं होतंय, मी काय करू" असं विचारायलाही हाच नंबर. लागला नाही तर पुन्हा लावा, दुसरा नंबर १८०० ८९१ ४४१६. लहान लेकरांसाठी १०९८.

गावात आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार होतात. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. वेड्यांचा डॉक्टर म्हणून लाजू नका. शुगरची गोळी घेणारा माणूस नामस्मरण सोडत नाही आणि नामस्मरण करतो म्हणून गोळी सोडत नाही. हेही तसंच. नाम घ्या आणि औषधही घ्या. "बाहेरचं आहे" म्हणून देवऋषीकडं फेऱ्या मारण्यात महिने घालवू नका.

आणि प्रसंग घडलाच, कुणी काही पोटात घेतलं, तर एक क्षण घालवायचा नाही. १०८ ला फोन, नाहीतर ११२. मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका, त्यानं जास्त इजा होते. अंगावर औषध सांडलेलं असेल तर ते कपडे काढा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून ठेवा. डबा किंवा बाटली दवाखान्यात सोबत न्या. "आता बरं वाटतंय" असं तो म्हणाला तरी न्यायचंच. काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

पोलीस केसच्या भीतीनं घरी ठेवून माणसं गमावली आहेत. ती भीती काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याच्यावर उपचार करणं, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन न्यायसंहिता आली, तिच्यात तर ते जुनं ३०९ कलमच ठेवलेलं नाही. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाब घ्यायला येतील. येऊ द्या. उपचार थांबत नाहीत.

आता दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की मी नुसती भीतीच घातली.

दोन-तीन वर्षांपूर्वीची वारी. आपल्या दिंडीत एक बाई नव्यानं चालायला आली होती. कुणाशी बोलायची नाही. फोन बंद. फलटणच्या मुक्कामाला तिनं आपली नवी दोन लुगडी शेजारणीला देऊन टाकली. म्हणाली, "मला आता लागायची नाहीत." डोक्यावर तुळस घेऊन चालणारी आपली एक आजी आहे. शाळेत गेलेली नाही. तिनं ते पाहिलं. रात्री हरिपाठ झाल्यावर तिला जवळ घेऊन बसली आणि सरळ विचारलं, "पोरी, पंढरीहून परत जायचं मनात आहे का नाही?" ती बाई तासभर रडली. आजी काही बोलली नाही, पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मला हाक मारली. आम्ही राहुटीत बसून १४४१६ लावला. ती तिकडच्या ताईशी बराच वेळ बोलली. दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरांना दाखवलं. भावाला बोलावून घेतलं. पुढं जिल्हा रुग्णालयात औषध सुरू झालं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. मध्ये तिनं गोळ्या बंद केल्या, पुन्हा तब्येत ढासळली, पुन्हा सुरू केल्या. घरातला त्रास मिटायला वेळ लागला, अजून सगळा मिटलेला नाही. पण आजी दर एकादशीला तिला फोन करते. ती बाई जिवंत आहे, कामाला जाते, वारीला येते. "सांगा, पण नाव घेऊ नका" असं तिनंच मला सांगितलं. ती आज इथं असेल, नसेल. शोधू नका.

बघा, मी शिकलेला, आरोग्य खात्यातला, आणि मला ते जमलं नाही. आजीला जमलं. कारण तिनं बघितलं आणि विचारलं.

संध्याकाळी तळावर समाज आरतीला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चोपदार चोप उंच करतात, सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, काय म्हणणं आहे ते ऐकतात, मार्ग काढतात. किती शहाणी पद्धत आहे! पण काही माणसांचं उलट असतं. त्यांची तक्रार अशी असते की बाकी सगळे टाळ वाजत असताना त्यांचा टाळ थांबतो. तो ऐकायला चोपदार पुरत नाहीत. शेजारी चालणाऱ्यानंच ऐकायचा असतो.

म्हणून फडापुढं माझ्या चार विनंत्या आहेत. भिशीची पावती देतो तिच्यावर १४४१६ हा नंबर छापावा. दिंडीच्या ट्रकवर आणि प्रत्येक राहुटीत तो लिहावा. दर मुक्कामाला हरिपाठानंतर प्रत्येकानं आपल्या डाव्या-उजव्या माणसाला विचारावं, "जेवलात का, झोप लागली का?" आणि वारी संपल्यावर, आषाढी ते कार्तिकी ह्या मधल्या महिन्यांत, एकट्या-दुकट्या माणसाला फोन करायची वाटणी करून घ्यावी. माझा सोबती त्याच महिन्यांत गेला.

पाचवी विनंती फडाला नाही, तुम्हा सगळ्यांना. ज्या घरात असं घडलंय त्या घराला तोंड चुकवू नका. कसं केलं, का केलं, कुणामुळं केलं, हे विचारायला जाऊ नका. तेराव्यानंतर कुणी फिरकत नाही, तेव्हा जा. त्या बाईला हरिपाठाला बोलवा. त्या पोरांना पंगतीत बसवा. त्यांचा काही गुन्हा नाही.

आणि इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या स्वतःच्याच मनात असं काही चाललं असेल, तर त्याला सांगतो. बाबा, बाई, तुझं ओझं कुणाला झालेलं नाही. तसं वाटायला लावणारं ते दुखणं आहे, आणि त्याला औषध आहे. आजच्या आज एका माणसाला सांग. कुणी नसेल तर मला सांग, मी मंडपाच्या मागं, औषधाच्या पेटीजवळ रात्रीपर्यंत बसलेला आहे. मी सापडलो नाही तर १४४१६ लाव. पण आजची रात्र एकट्यानं काढू नकोस.

त्याचा टाळ अजून माझ्याकडं आहे. वारीला मी तोच वाजवतो. वाखरी आली की दर वर्षी हात थबकतो. तिथं उभं राहून मी मनातल्या मनात त्याला तो प्रश्न विचारतो, जो तेव्हा विचारायला हवा होता. तुम्ही तुमच्या माणसाला तो वेळेवर विचारा.

रामकृष्ण हरी.